‘सहा महिन्यांनी पुन्हा या’

वाघोलीत नगर रोडला लागून असलेल्या कुठल्याही नव्या इमारतीचा तळमजला बघा. मेडिकल, मिसळ, मोबाइल आणि डेंटल क्लिनिक अशा पाट्या शेजारी शेजारी दिसतील. 2021 च्या जूनअखेरीस वाघोलीसह 23 गावं पुणे महापालिकेत आली, पण खराडीच्या आयटी कंपन्यांच्या आधाराने इथे टॉवर उभे राहिले ते त्याच्या कितीतरी आधी. नळाचं पाणी यायच्या आत टँकर आले आणि टँकरच्या मागोमाग दातांचे दवाखाने. या दवाखान्यांतून बाहेर पडताना फाइलवर एक ओळ बहुधा असतेच: सहा महिन्यांनी पुन्हा या, क्लीनिंगला.

यावर आपल्याकडे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, ही शुद्ध कमाई, दुखत नसताना डॉक्टरकडे जायचंच कशाला? दुसरा निमूटपणे येतो, हजारभर रुपये मोजतो आणि गुळगुळीत दातांवरून जीभ फिरवत घरी जातो. गेल्या 50-60 वर्षांतल्या संशोधनाचा धांडोळा घेतला तर दोघांनाही थोडं थोडं खाली बसावं लागतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. दात साफ करून घेणं निरुपयोगी नाही. पण सहा महिन्यांचा सांगावा ज्यांच्याकडे जातो त्यांना त्याची गरज कमी आहे आणि ज्यांना गरज आहे त्यांच्यापर्यंत तो पोचतच नाही.

या साफसफाईत नेमकं होतं काय? दातांवर धरणारी चिकट, पांढरट साय म्हणजे प्लाक, जंतूंची वस्ती. ती ब्रशने निघते. एखाद्या सांदीत राहिली तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट तिच्यात बसत जातं. एक-दोन दिवसांत ती कडक व्हायला लागते आणि दहा-बारा दिवसांत तिचा दगड होतो. हा टार्टर, म्हणजे आपलं कीटण. बघायचं असेल तर आरशासमोर जीभ वर उचला आणि खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू बघा. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या नळ्या तिथेच उघडतात, म्हणून पहिलं कीटण बहुतेकांना तिथेच धरतं. दुसरी जागा वरच्या दाढांची गालाकडची बाजू, कारणही तेच. वाघोलीत ‘बोअरचं पाणी जड आहे, म्हणून दातांवर थर बसतो’ असं सर्रास ऐकू येतं. गीझरच्या कॉइलचं खापर बोअरवर फोडा, पण दातांवरच्या थरातलं खनिज मुख्यतः आपल्याच लाळेतून येतं.

हा दगड ब्रशने निघत नाही, मंजनाने नाही आणि लिंबू-सोड्याने तर नाहीच. त्यासाठी स्केलर लागतो. त्याचं बारीक टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरतं, त्या थरथरीने कीटण सुटतं आणि सोबतच्या पाण्याच्या फवाऱ्यात वाहून जातं. मग रबरी कपात पेस्ट घेऊन दात गुळगुळीत करतात, ते पॉलिशिंग. वरवरचं काम असेल तर अर्ध्या तासात आटोपतं. कीटण हिरडीच्या आत, मुळाकडे उतरलेलं असेल तर ते काम वेगळं. भूल द्यावी लागते, दोन-तीन बैठका होतात. या दोन कामांना एकच ‘क्लीनिंग’ हा शब्द वापरला जातो आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो.

उरलेला निम्मा गोंधळ ‘साफ केले की दात ढिले होतात’ या समजुतीचा. गावात जा, शहरात जा, डॉक्टरला हा प्रश्न ऐकावाच लागतो. शेजारच्या काकूंचे दात साफ केल्यावर हलायला लागले, हे खरंच घडलेलं असतं. फक्त क्रम उलटा लावला जातो. हिरडीच्या जुन्या आजारात दाताभोवतीचं हाड आधीच झिजून गेलेलं असतं आणि कीटणाचा जाड थर शेजारशेजारच्या दातांना लिंपून धरतो. तो काढला की लपलेलं हलणं उघडं पडतं. दातांमधल्या फटीही तशाच. सुजलेली हिरडी ओसरली की कीटणाने भरलेली जागा मोकळी दिसते. चार दिवस गार पाणी झोंबतं, मग ते थांबतं. काकूंचे दात साफ केल्याने गेले नाहीत. फार उशिरा साफ केल्याने गेले.

कीटण काढायची कल्पना परदेशातून आलेली नाही, हेही जाता जाता सांगायला हवं. सुश्रुतसंहितेत दंतशर्करा हा दातांचा विकार म्हणून वेगळा सांगितला आहे आणि ती काढायला दंतशंकू नावाचं शस्त्र आहे. दाताच्या मुळाला इजा न करता शर्करा काढावी आणि मग लाखेचं चूर्ण मधात कालवून चोळावं, असा विधी आहे. पण दर सहा महिन्यांनी काढावी, असं सुश्रुताने म्हटलेलं नाही.

मग हे सहा महिने आले कुठून? 1977 साली ऑब्री शीहॅम या दंतवैद्यकाच्या अभ्यासकाने ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहून हाच प्रश्न विचारला: सहामाही तपासणीला शास्त्रीय आधार आहे का? त्याचं उत्तर होतं, नाही. हा रिवाज आधी पडला, पुरावा शोधायला लोक नंतर निघाले.

पुराव्याची पहिली वीट मात्र भक्कम आहे. 1965 मध्ये डेन्मार्कमधल्या आर्हूस इथे हॅराल्ड लो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केलं आणि आठवड्याभरात सूज उतरली. हिरडीचा आजार प्लाकमुळे होतो आणि सुरुवातीच्या टप्प्यावर तो स्वतःच्या हाताने परतवता येतो, हे त्यातून कळलं. परतवणारं साधन ब्रश होतं, हेही विसरू नये.

दुसरी वीट स्वीडनमधल्या कार्लस्टाडची. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पेर अॅक्सेलसन आणि यान लिंडे यांनी 375 प्रौढांना दर दोन-तीन महिन्यांनी बोलावून दात साफ करून द्यायला आणि घासायचं कसं ते पुन्हा पुन्हा शिकवायला सुरुवात केली. तुलनेसाठी दुसरा गट होता, त्याला वर्षातून एकदा नेहमीचे उपचार मिळायचे. सहा वर्षांत दुसऱ्या गटाचे दात आणि हिरड्या बिघडत गेल्या, पहिला गट जिथल्या तिथे राहिला. पहिल्या गटाचा पाठपुरावा 30 वर्षं चालला. 2004 मध्ये हिशेब छापून आला, तेव्हा वयोगटागणिक माणशी सरासरी 0.4 ते 1.8 दात पडले होते. तीस वर्षांत दोन दातही नाहीत! दंतवैद्यांच्या परिषदांत हा अभ्यास अभिमानाने सांगितला जातो, आणि तसा तो अभिमानाचा आहेही. पण त्यात फायदा साफसफाईचा झाला की शिकवणीचा, हे वेगळं काढता येत नाही. दोन्ही एकाच ताटात वाढलं होतं.

ते वेगळं काढायचा प्रयत्न पुढे ब्रिटनमध्ये झाला. स्कॉटलंड आणि ईशान्य इंग्लंडमधल्या 63 दवाखान्यांतल्या 1,877 प्रौढांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले: काहींचे दात दर सहा महिन्यांनी साफ करायचे, काहींचे वर्षाने, काहींचे अजिबात नाही. तीन वर्षांनी हिरड्यांतून रक्त येण्याच्या प्रमाणात फरक निघाला नाही. अशा अभ्यासांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2018 च्या आढाव्यात तेच सांगितलं. निरोगी किंवा सौम्य आजाराच्या हिरड्या असलेल्या, नियमित दवाखान्यात जाणाऱ्या प्रौढांना वेळापत्रकाप्रमाणे साफसफाई केल्याने दोन-तीन वर्षांत हिरडीच्या आरोग्यात फारसा फरक पडत नाही. कीटण थोडं कमी राहतं आणि तोंड स्वच्छ वाटतं. ‘वाटतं’ याला मी क्षुल्लक म्हणणार नाही. त्या ब्रिटिश अभ्यासातही दिसलं की लोकांना या स्वच्छतेचं मोल आहे आणि तिच्यासाठी पैसे मोजायची त्यांची तयारी आहे. केस कापल्याने आयुष्य वाढत नाही, तरी आपण कापतो. फक्त त्याला उपचार म्हणत नाही.

अमेरिकेतून 2013 मध्ये आलेला पुरावा आणखी कामाचा आहे. 5,117 प्रौढांच्या 16 वर्षांच्या विम्याच्या नोंदी तपासल्या. धूम्रपान, मधुमेह आणि एक आनुवंशिक घटक हे धोके बघितले. ज्यांना यांपैकी एकही नव्हता, त्यांच्यात वर्षातून एकदा जाणाऱ्यांचे आणि दोनदा जाणाऱ्यांचे दात पडण्याचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. ज्यांच्यात दोन-तीन धोके एकत्र होते, त्यांना जास्त फेऱ्यांची गरज दिसली. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने तर 2004 पासूनच सहा महिन्यांचा सरसकट नियम सोडला आहे. प्रौढांसाठी तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत, ज्याच्या त्याच्या धोक्याप्रमाणे, असं तिथलं मार्गदर्शन आहे. 2015 मध्ये युरोपीय अभ्यासकांच्या एका आढाव्याने आणखी पुढे जाऊन म्हटलं की घासण्याची नीट शिकवण दिली नाही, तर नुसत्या साफसफाईला फारसा अर्थ उरत नाही.

इथवर वाचून ‘बघा, मी म्हणत होतो’ असं म्हणणाऱ्या पहिल्या पक्षाला थोडं थांबवायला हवं.

ब्रिटनच्या त्या अभ्यासात कोण होतं? नियमित दवाखान्यात जाणारे लोक. हिरडीचा आजार बळावलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं. तिथला निष्कर्ष उचलून वाघोलीवर ठेवायचा तर वाघोली बघायला हवी. सोसायटीच्या गेटाच्या आत, दोन वेळा ब्रश करणारा, वर्षातून एकदा कंपनीच्या हेल्थ चेकअपला जाणारा तिशीतला अभियंता ब्रिटनच्या त्या नमुन्यात सहज बसेल. त्याच गेटातून सकाळी आत येणाऱ्या मावशी, वॉचमन, दगडखाणीच्या आणि क्रशरच्या परिसरात राहणारी कुटुंबं, केसनंद फाट्यापाशी कामाच्या शोधात येणारे मजूर यांतलं कुणीही त्यात बसत नाही. त्यांच्यातल्या अनेकांच्या हिरड्या आयुष्यात एकदाही कुणी मोजून बघितलेल्या नसतात.

त्यांच्या जवळचा अभ्यास वेगळाच आहे आणि तोही हॅराल्ड लोचाच. 1970 पासून 15 वर्षं त्याच्या गटाने श्रीलंकेतल्या चहामळ्यांतल्या 480 पुरुष मजुरांच्या हिरड्यांवर लक्ष ठेवलं. ना ब्रश, ना दंतवैद्य. सगळ्यांच्या दातांवर भरपूर प्लाक आणि कीटण. 1986 मध्ये निष्कर्ष छापून आला: 8 टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला आणि त्यांचे दात तरुणपणीच जायला लागले, 81 टक्क्यांचा मध्यम वेगाने वाढला, आणि 11 टक्क्यांच्या हिरड्या सुजल्या पण पुढे काहीच झालं नाही. ‘आमच्या आजोबांनी राखुंडीशिवाय काही लावलं नाही, नव्वदीत ऊस खायचे’ ही गोष्ट खोटी नाही. आजोबा त्या 11 टक्क्यांतले. त्यांच्या भावाचे दात चाळिशीत पडले, पण भावाची गोष्ट कुणी सांगत नाही.

शिवाय आपल्याकडे मशेरी आहे. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि सकाळी बोटाने दातांवर, हिरड्यांवर घासायची. सुरुवात दात घासायचं म्हणून होते, मग दिवसातून चार वेळा लागते, कारण त्याशिवाय डोकं हलकं होत नाही आणि पोट साफ होत नाही. महाराष्ट्रात 2016-17 च्या तंबाखू सर्वेक्षणात सुमारे 24 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचं दिसलं. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण मळलेली तंबाखू आणि घरी भाजलेली मशेरी तिच्या कक्षेत येत नाही. मशेरी लावणारीला विचारलं तर ती म्हणते, ‘हिरड्या घट्ट होतात.’ खरं तर हिरड्या खाली सरकतात, दातांची मुळं उघडी पडतात, हिरडीलगत दातांना खाचा पडतात आणि काळा थर बसतो. गालाच्या आत एखादा पांढरा चट्टा असेल तर तो दुखत नाही, म्हणून दिसत नाही. अशा माणसाला दवाखान्याच्या खुर्चीत बसवण्याचा सगळ्यात मोठा फायदा दात साफ होण्याचा नसतो. दिव्याखाली कुणीतरी तोंडाच्या कानाकोपऱ्यात नीट बघतं, हा असतो.

मधुमेहाचं प्रकरणही इथलंच. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. रक्तातली साखर वाढलेली असली की हिरडीचा आजार बळावतो आणि हिरडीत सतत सूज असली की साखर आवरत नाही. ही साखळी आता चांगली सिद्ध झाली आहे. कॉक्रेनच्या 2022 च्या आढाव्यात 35 अभ्यास घेतले होते. मधुमेह आणि हिरडीचा बळावलेला आजार दोन्ही असलेल्यांच्या हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, सरासरी 0.43 टक्क्यांनी उतरला. औषधाची एखादी जास्तीची गोळी सुरू केल्यावर होतो, त्याच्या जवळ जाणारा हा फरक आहे. मात्र तो हिरडीच्या आत खोल जाऊन केलेल्या साफसफाईचा आहे, पॉलिशिंगचा नाही. मधुमेहाच्या तज्ज्ञाने पायाची तपासणी लिहून द्यावी तशी हिरडीचीही द्यावी, असं मला वाटतं. अजून फार कमी जण देतात.

हृदयविकाराबाबत दवाखान्यातल्या पोस्टरवर जे लिहिलेलं असतं, ते मात्र जरा जपून वाचावं. हिरडीचा आजार आणि हृदयविकार एकाच माणसात बरेचदा सापडतात, पण एकामुळे दुसरा होतो किंवा दात साफ केल्याने झटका टळतो, असं सिद्ध झालेलं नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 मध्ये हेच सांगितलं. गरोदर बाईचंही तसंच. गरोदरपणात हिरड्यांवर उपचार केल्याने मुदतीआधीचं बाळंतपण टळत नाही, असं 2006 च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसलं. पण उपचार सुरक्षित आहेत हेही त्यातच दिसलं. त्यामुळे ‘पोटुशी आहे, आता दाताला हात लावायचा नाही’ हा आपल्याकडचा धाक अनाठायी आहे.

आता धंद्याचं बोलायला हवं. दातांचे बाह्यरुग्ण उपचार बहुतेक आरोग्यविम्यांत बसत नाहीत. पैसे खिशातून जातात, म्हणून माणूस दुखेपर्यंत जात नाही. दुसरीकडे, एका चौकात चार दवाखाने, जागेचं भाडं, खुर्चीचा हप्ता. सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये मोफत तपासणी शिबिर लागतं आणि जवळपास प्रत्येकाला ‘क्लीनिंग करून घ्या’ असं सांगितलं जातं. यात फसवणूकच असते असं नाही. कीटण खरोखर बहुतेकांना असतं. पण कीटण दिसणं म्हणजे आजार असणं नव्हे आणि कीटण न दिसणं म्हणजे निरोगी असणं नव्हे. परदेशात हे काम मुख्यतः डेंटल हायजिनिस्ट करतात. तो वर्गच अमेरिकेत 1906 च्या सुमारास डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना शिकवून उभा केला. आपल्या 1948 च्या दंतवैद्य कायद्यातही हायजिनिस्टची वेगळी नोंदणी ठेवली गेली, पण गल्लीतल्या दवाखान्यात तो क्वचितच दिसतो. डॉक्टरच साफ करतो. मग घासायचं कसं, हे शिकवायला त्याला वेळ कुठून असणार?

दात पांढरे करून देण्याचा मामला आणखी निराळा. चहाचे, तंबाखूचे डाग स्केलिंगने जातात. दाताचा मूळ पिवळसर रंग जात नाही आणि जायचं कारणही नाही. चंद्रपूर-यवतमाळकडच्या फ्लोराइडच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाच्या दातांवरचे तपकिरी पट्टे तर दाताच्या आतच असतात. ते घासून काढायचं आश्वासन कुणी दिलं तर उठून यावं.

मग करायचं काय? पुढच्या वेळी खुर्चीत बसलात की ‘दात साफ करून द्या’ म्हणू नका. ‘हिरड्या मोजा’ म्हणा. त्यासाठी एक बारीक सळई असते, टोकाला अर्ध्या मिलिमीटरचा गोळा आणि साडेतीन ते साडेपाच मिलिमीटरच्या मध्ये काळा पट्टा. ती दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत हलकेच उतरवतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. काळा पट्टा आत बुडायला लागला तर आजार आहे आणि सहा नव्हे, तीन महिन्यांनीही जावं लागेल. रक्त आलं का, तेही विचारा. सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं म्हणून ती निरोगी समजू नका. पाच मिनिटांचं काम आहे. आकडे फाइलवर लिहून मागा आणि पुढची तारीख त्या आकड्यांवरून ठरवा, कॅलेंडरवरून नाही. आकडे चांगले, तंबाखू नाही, साखर नाही, दात घासण्यात चोख, तर वर्षा-दीड वर्षाने गेलात तरी काही बिघडत नाही. मुलांचं वेगळं आहे, त्यांना कीड लवकर लागते, वर्षातून एकदा दाखवाच.

पैशांची अडचण असेल तर ससूनच्या दंतविभागात, कॅम्पातल्या रंगूनवाला किंवा धनकवडीच्या भारती विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात हेच काम खाजगी दवाखान्यापेक्षा बरंच स्वस्तात होतं. महाविद्यालयांत विद्यार्थी करतात, शिक्षक तपासतात, वेळ मात्र जास्त जातो. आणि तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मशेरी लावत असतील, तर तुमची सहा महिन्यांची एक फेरी चुकवा आणि त्यांना विचारून, त्या पैशांत एकदा त्यांना घेऊन जा.